लिंबाखालचा सात

पडद्याला कुलूप लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे गुरुजी.

यात त्यांचा दोष एवढाच की ते नगर शहरात जन्मले होते. तिथं दाराला कडी, कडीला कोयंडा, कोयंड्याला कुलूप, आणि कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघायचं अशी रीत. अशा माणसाची बदली झाली ती नेमकी आमच्या वस्तीवर. शनिशिंगणापूरच्या शिवेला लागून आमची वस्ती. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे आता साऱ्या जगाला ठाऊक आहे, गाड्या भरभरून लोक ते बघायला येतात. मी सांगते आहे ते बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासचं. तेव्हा एवढं कुणी येत नसे. नियम खरं तर त्या गावाचा. पण शिवेवर राहून देवाशी वाकडं कशाला घ्या, म्हणून आमच्या वाडवडिलांनीही दारं बसवली नाहीत. घराला चौकट, चौकटीला उंबरा, आणि उंबऱ्याच्या आत सरळ घर. शाळेचंही तेच. शाळा बांधायला आलेल्या कंत्राटदारानं नकाशात आहेत म्हणून दारं आणली होती म्हणे. वस्तीनं त्याला चहा पाजला आणि दारं परत न्यायला लावली.

गुरुजींना राहायला शाळेशेजारची खोली दिली. तिलाही अर्थात चौकट तेवढी होती. गुरुजींनी एक धोतर फाडून त्याचा पडदा शिवला, त्याला खालच्या कोपऱ्यात कडी शिवली, चौकटीत खिळा ठोकला आणि दोन्ही मिळून एक भलंमोठं कुलूप अडकवलं. सकाळी माझे आबा, म्हणजे माझे आजोबा, तिकडून चालले होते. ते थांबले.

"गुरुजी, ह्ये काय म्हनायचं?"

"पडदा."

"त्ये दिसतंय. खाली काय लोंबतंय?"

"कुलूप."

आबांनी कुलूप हातात घेऊन, वजन करून बघितलं. "ब्येस हाय. पर गुरुजी, हितं चोर येत न्हाई, शेळी येती. शेळीसाठी आपली एक फळी आडवी लावत जा."

गुरुजींनी ऐकलं नाही. पुढच्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत ते शाळेतच असताना आमच्याच शेळीनं तो पडदा खालून वर खात नेला. कुलूप तेवढं खिळ्याला ठेवलं. आम्ही पोरं धावत सांगायला गेलो, "गुरुजी, शेळीनं पडदा खाल्ला!" गुरुजी आले, त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. आम्हाला वाटलं आता छडी निघणार.

"किती खाल्ला?" त्यांनी विचारलं.

"समदा!"

"समदा नव्हे. वरची पट्टी आहे अजून. शून्य दशांश चिन्ह नऊ खाल्ला."

असे आमचे गुरुजी. वस्तीनं त्यांचं नाव टिंबगुरुजी ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांची तक्रार टोपणनावाबद्दल नव्हती, टिंब या शब्दाबद्दल होती. "दशांश चिन्ह म्हणा," ते म्हणायचे. मग लोक त्यांना दशांशचिन्ह गुरुजी म्हणू लागले, पण हाक मारून होईपर्यंत ते निघून गेलेले असत. लवकरच ये रे माझ्या मागल्या.

अंगानं काटकुळे, उंच. कधीकाळी काळा असलेला आणि उन्हानं तांबूस झालेला कोट, डोक्यावर टोपी, आणि पावसाचं नाव नसलेल्या त्या सालांतही काखेत छत्री. कोटाच्या खिशात घडीची मोजपट्टी असायची. ती काढून ते काय वाटेल ते मोजत. आईनं त्यांना एकदा जेवायला बोलावलं. ताटात पहिली भाकरी पडली तशी पट्टी बाहेर आली. "वहिनी," गुरुजी कौतुकानं म्हणाले, "शून्य दशांश चिन्ह दोन पाच मीटर." आई घाबरली. शून्य म्हणाले म्हणजे भाकरी लहान पडली असं समजून तिनं दुसरी वाढली. गुरुजींनी तीही मोजली. तिनं तिसरी वाढली. पोट फुटायची वेळ आली तेव्हा आबांनी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही सारी मंडळी गुरुजींच्या लेखी बेवारशी होती. फाट्यावरच्या चहावाल्याला ते म्हणत, "शून्य दशांश चिन्ह पाच कप चहा." चहावाला एकदा हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुमी शून्य म्हनलं की माझा हात थांबतो बघा. आदी चहाचं बोला, मग शून्याचं."

यावरून आबांचं आणि त्यांचं रोज भांडण. आबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे सारे जुने पाढे पाठ. औट म्हणजे साडेतीन. संध्याकाळी गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन टेकले की आबा मुद्दाम खाकरून म्हणत, "सात औटं?"

गुरुजी धुळीत बोटानं गुणाकार मांडायचे आणि म्हणायचे, "चोवीस दशांश चिन्ह पाच."

"चुकलं. साडेचोवीस!"

"आबा, ते एकच आहे."

"एकच कसं? माझं तोंडात मावतं, तुमचं मावत न्हाई."

"माझं कागदावर मावतं."

"मग कागद खावा."

दिवेलागण होईपर्यंत हे चालायचं. दोघांचं उत्तर एकच आणि माघार एकाचीही नाही. भांडून झालं की आबा त्यांना चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नसत.

वर्गात मात्र त्यांचं एकच तत्त्व होतं. "आकडा कोण आहे ते विचारू नका. कुठं बसलाय ते विचारा." सात एककाच्या घरात बसला की सात, दशांशाच्या घरात बसला की एकाचे दहा तुकडे करून त्यातले सात, शतांशात बसला तर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे. "आकड्याला मान जागेचा असतो. सरपंचाला चावडीत मान, बैलासमोर नाही." हे ते सांगत, आम्ही माना डोलावत असू, आणि पाटीवर सगळे आकडे एकाच घरात कोंबत असू. पालथ्या घड्यावर पाणी. पण माणूस हार मानणारा नव्हता.

एका शनिवारी नगरला जाऊन ते सोमवारी परतले ते खांद्यावर ऊस घेऊन. आमच्याकडं पाण्याचा पत्ता नव्हता, ऊस कुठला? देवळाली प्रवरेच्या बाजूला त्यांचा कुणी मित्र होता, त्याच्याकडून आणला म्हणे. पट्टीनं मोजून त्यांनी एक मीटरचा ऊस तोडला. "हा एक." दुसऱ्या तशाच उसाचे सारखे दहा तुकडे केले. "हा एकेक दशांश." एका तुकड्याच्या पुन्हा दहा बारीक चकत्या केल्या. "हे शतांश." मग फळ्याकडं तोंड करून ते समजावू लागले. उसाची चव जिभेवरून गेलेली पोरं ती. गुरुजी वळले तेव्हा वर्गात नुसता चोखण्याचा आवाज येत होता आणि दशांश एकही शिल्लक नव्हता. शतांश तर सगळ्यात आधी गेले. एकक तेवढा वाचला, कारण तो त्यांच्या हातात होता. गुरुजींनी त्या एककाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि मोडून तोही वाटून टाकला.

शनिवारचं सांगायचं म्हणजे त्यांच्या घरचं सांगायला हवं. बायको आणि लहान मुलगी नगरला होत्या. गुरुजी शनिवारी सकाळची शाळा सुटली की फाट्यावरून गाडी पकडत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येत. बायको एकदा वस्तीवर राहायच्या तयारीनं आली होती. दिवसभर भिंतीला पाठ लावून, उघड्या चौकटीकडं तोंड करून बसली. रात्री झोपली नाही, आणि सकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना आईला म्हणाली, "तुम्ही माणसं देवासारखी आहात हो. पण दार लावल्याशिवाय माझा डोळा लागत नाही." यात हसण्यासारखं काही नाही हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही पोरं पोट धरून हसलो होतो.

गुरुजींनी नगरच्या जवळ बदली मिळावी म्हणून अर्जावर अर्ज केले. उत्तर येत नसे. एकदा आमच्या ओट्यावर बसून ते आबांना म्हणाले, "पोरगी मला शनिवारचे बाबा म्हणते. मंगळवारी जर दारात उभा राहिलो तर ओळखायची नाही." आबांनी त्या दिवशी औटं विचारली नाहीत.

आता शाळेतल्या शोधाशोधीच्या खेळाकडं येते. उसाचा धडा खाऊन झाल्यावर गुरुजींनी नवी युक्ती काढली. वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांचे तुकडे कापले, त्यांवर गेरूनं लिहिलं. 'तीन दशांश', 'पाच सहस्रांश', 'दोन एकक' असं. सकाळी आमच्या आधी येऊन ते तुकडे त्यांनी शाळेभोवती ठेवले, खिडकीत, लिंबाच्या बुंध्याशी, कोरड्या हौदाच्या कठड्यावर, दगडाच्या फटीत. मग आमच्या टोळ्या पाडल्या, प्रत्येक टोळीला एकेक संख्या दिली आणि सांगितलं, "शोधा. ज्या टोळीची संख्या आधी पुरी होईल ती जिंकली. पळा!"

आम्ही पळालो. गुरुजी शाळेच्या ओट्यावर छत्री टेकून उभे. बराच वेळ झाला. एकेक टोळी परत येऊन ओट्यापुढं उभी राहिली. सगळ्यांचे हात मोकळे.

"सापडले नाहीत?"

गुरुजी स्वतः खिडकीशी गेले. तुकडा तिथंच. बुंध्याशी गेले, तिथंही. हौदावर एक पोरगा पुठ्ठ्याशेजारी खांबासारखा उभा होता.

"अरे, हा समोर असून दिसला नाही तुला?"

"दिसला की."

"मग इथं काय करतोयस?"

"कोंबडी वढून न्हेत हुती गुरुजी. म्हनून राखत बसलो."

गुरुजींचा आवाज चढला. "राखत? मी तुम्हाला आणायला पाठवलं होतं! डोकी आहेत की खोकी? एवढा जागलो मी हे करायला!"

पोरं एकमेकांच्या मागं सरकली. शेवटी माझी मैत्रीण शेवंता पुढं झाली. ती कुणाला भीत नसे. "गुरुजी, समदी घावली. पर उचलायची कशी?"

"कशी म्हणजे? हातानं!"

"तुमची हायेत ना ती. तुमी ठिवल्याती. दुसऱ्यानं ठिवल्याली वस्तू उचलायची नसती."

गुरुजी काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. आम्हाला तर त्यांच्या थांबण्याचंच नवल वाटलं. एवढी साधी गोष्ट मोठ्या माणसाला सांगावी लागते? कुणाचा विळा बांधावर दिसला तर तो बांधावरच राहतो. कुणाची चप्पल वाटेत दिसली तर ती वाटेतच राहते. बोलायला येत नसलेल्या पोरालाही आमच्यात हे ठाऊक असतं. "शोधा" म्हटल्यावर आम्ही शोधलं होतं. "उचला" असं ते म्हणालेच नव्हते, आणि म्हणाले असते तरी आम्ही आधी घरी विचारून आलो असतो.

गुरुजी ओट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "कुठं काय पाहिलंत, आठवतंय?"

आम्ही एका सुरात सगळं सांगितलं. कुठल्या फटीत कोणता आकडा, कोणता पालथा पडला होता, कोणत्यावर मुंगळा होता. एकही चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते वेगळेच. चेहऱ्यावर नुकतं लग्न ठरल्यासारखं तेज. त्यांनी नुसते आकडे लिहिलेले पुठ्ठे आणले होते. दशांश नाही, शतांश नाही, काही नाही. "आता ऐका. वर्गात फळ्याखाली ठेवला तो एकक. बाहेर ओट्यावर ठेवला तो दशांश. लिंबाखाली शतांश. हौदावर सहस्रांश. आणि हा उंबरा," त्यांनी छत्रीचं टोक उंबऱ्यावर आपटलं, "हा उंबरा म्हणजे दशांश चिन्ह. आत पूर्ण, बाहेर अपूर्ण. उचलायचं काहीही नाही! उचललात की आकड्याची किंमत गेली. बघायचं, जागा ध्यानात धरायची, आणि येऊन पाटीवर संख्या लिहायची."

आणि बघता बघता आम्हाला दशांश येऊ लागले. जे ऊस खाऊन आलं नव्हतं ते न उचलता आलं. आम्ही उंबरा ओलांडताना त्याच्यावरून उडी मारू लागलो. चुकून कुणाचा पाय पडला की बाकीची ओरडत, "टिंब तुडवलं, टिंब तुडवलं!" शाळेत ठीक होतं, पण आम्ही घरीही उड्या मारू लागलो आणि आयांच्या नाकी नऊ आले.

ही बातमी आसपासच्या शाळांत गेली. तिथले गुरुजी लोक फाट्यावर चहा पिताना आमच्या गुरुजींची टर उडवू लागले, "काय, लपंडावाचा तास कसा चाललाय?" गुरुजी चहा अर्धा टाकून उठायचे. शून्य दशांश चिन्ह पाच टाकून, असं म्हणायला हवं. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमत आणि तिथं एकानं सगळ्यांपुढं पाठ घ्यायचा असे. शिक्षण खात्याचे साहेब येत. त्या खेपेला पाठ आमच्या शाळेत, आमच्या गुरुजींचा ठरला. आणि साहेबांनी निरोप धाडला होता म्हणे, पाठ पसंत पडला तर बदलीचं बघू.

वस्तीवर चर्चा सुरू झाली. मोठी माणसं दिवसभर खडी फोडायच्या दुष्काळी कामावर असायची. संध्याकाळी थकून आली तरी बोलणं गुरुजींचंच. जावं त्यांनी, पोरगी लहान आहे, असं आई म्हणायची. आबा उठून गोठ्याकडं जायचे. पाठाच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा पोरांना गोठ्याशी गोळा केलं.

"उंद्या सायबानं इचारलं की काईबाई सांगा. सातचं नऊ करा. पाठ नापास झाला की गुरुजी ऱ्हातंय हितंच."

"आबा, खोटं सांगायचं?" शेवंतानं विचारलं.

"खोटं न्हवं गं. जरा चुकायचं. पोरं चुकत्याती की न्हाई?" मग जमिनीकडं बघत म्हणाले, "ह्यो मानूस गेला तर मी भांडू कुनाशी?"

आम्हालाही गुरुजी हवेच होते. पण मुद्दाम चुकायचं कसं ते कुणाला सुचेना. एकजण म्हणाला, आपण पळताना पडू. दुसरा म्हणाला, आजारी पडू. काहीच न ठरता आम्ही पांगलो. मी मनाशी म्हटलं, मला विचारलं नाही तर बरं.

अर्थात मलाच विचारलं. सकाळी शाळेच्या भिंतीच्या सावलीत सतरंज्या घातल्या होत्या, त्यांवर गावोगावचे गुरुजी बसले होते. पुढं साहेबांसाठी पंचायतीतली खुर्ची आणली होती. ही खुर्ची एका पायानं आखूड आहे हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. आमच्यातलं कुणी तिच्यावर रेलून बसत नसे.

शिपायाला घेऊन आलेले साहेब स्थूल, हसऱ्या तोंडाचे होते. पण पढवलेली पोरं त्यांनी बरीच बघितली असावीत. ते गुरुजींना म्हणाले, "संख्या मी देतो." आम्हाला वर्गात भिंतीकडं तोंड करून बसवलं. साहेबांनी कागदावर संख्या लिहिली, गुरुजींनी त्याप्रमाणं आकडे जागोजाग ठेवले आणि ते वर्गात येऊन आमच्याजवळ उभे राहिले. साहेबांनी बाहेरून चौकटीतून बोट केलं, "ही मुलगी."

मी उठले. फळ्याखाली चार. उंबऱ्यावरून उडी मारली. ओट्यावर तीन. लिंबाखाली गेले. तिथं काही नव्हतं. बुंध्याभोवती फिरून बघितलं, नव्हतंच. हौदावर पाच होता. मी परत आले आणि पाटीवर लिहून साहेबांपुढं धरलं. चार दशांश चिन्ह तीन शून्य पाच.

साहेबांनी आपला कागद उघडला. "चूक. चार दशांश चिन्ह तीन सात पाच."

सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजी उंबऱ्याशी आले होते. त्यांचा चेहरा कोऱ्या पुठ्ठ्यासारखा झाला. आता ते माझ्यावर चिडणार असं मला वाटलं. ज्या माणसानं पडद्याला कुलूप लावलं होतं, जो खडूचे तुकडे मोजून घरी जात असे, तो साहेबांना म्हणाला, "साहेब, तिला लिंबाखाली सात दिसला नाही म्हणजे तिथं सात नाही."

"अहो, तुम्हीच ठेवलात ना माझ्यासमोर?"

"ठेवला. पण आता तो तिथं नाही. माझी मुलं न पाहिलेलं लिहीत नाहीत."

"मग गेला कुठं?"

हसणं थांबलं. साहेब पुढं झुकले, आणि तेव्हा मला दिसलं. खुर्चीच्या आखूड पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता. बाहेर राहिलेल्या कोपऱ्यावर गेरूचा वळसा. साहेबांचा शिपाई बाहेरचा. गुरुजी वर्गाकडं वळले तेवढ्यात, खुर्ची डुलते म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं असणार, लिंबाखाली पुठ्ठा पडलेला दिसला, उचलला आणि सारला. आमच्यातल्या कुणाच्या हातून हे झालं नसतं.

मागून शेवंतानं माझ्या दंडाला चिमटा काढला. केवढा काढला! त्या चिमट्याचा अर्थ मला पुरता कळला. गप्प बसलं की झालं. खोटं बोलावं लागणार नव्हतं, पडावं लागणार नव्हतं. पाठ आपोआप बिघडलाच होता, सुंठीवाचून खोकला जात होता. आबांचं भांडण राहणार होतं, आमचे टिंबगुरुजी राहणार होते. मी गुरुजींकडं बघितलं. ते लिंबाकडं बघत होते.

"सायेब," मी म्हटलं, "सात तुमच्या खुर्चीखाली हाय."

साहेब उठले. खुर्ची कलंडली. शिपायानं पुठ्ठा काढून उलगडला, तर सात. साहेबांनी तो हातात घेतला. "म्हणजे सात होता की! मग तू शून्य का लिहिलंस?"

"त्यो लिंबाखाली न्हवता. तिथं काय नसलं की शून्य ल्ह्यायचं. न्हाईतर हौदावरचा पाच लिंबाखाली सरकंल."

"आणि हा माझ्या हातातला?"

"त्यो नुसता सात हाय. त्याला जागा न्हाई."

साहेब असे हसले की पोट धरून पुन्हा त्याच खुर्चीत बसले आणि पुन्हा कलंडले. सतरंजीवरचे सगळे गुरुजी हसले, फाट्यावर टर उडवणारेही. आमचे गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते साहेबांजवळ गेले, त्यांच्या हातातून सात अलगद घेतला आणि लिंबाखाली नेऊन ठेवला. मग कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

महिनाभरात बदलीचा हुकूम आला. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गुरुजींशी मात्र जायच्या आदल्या संध्याकाळी कडाडून भांडले, शेजारचे बघायला आले एवढे.

सकाळी आम्ही पोरं फाट्यावर गेलो. ट्रंक टपावर चढली. गुरुजींनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला, शुद्धलेखनाबद्दल काहीबाही सांगितलं. माझ्यापाशी आले तेव्हा मला वर बघवेना.

"आबांनी सांगितलं होतं ना तुम्हाला, पाठ बिघडवा म्हणून?"

मी चपापले. "तुमाला कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. काल भांडताना." गुरुजी खाली वाकले. "बरोबर सांगितलं तर मी जाणार, हे तुला ठाऊक होतं."

"व्हय."

"साहेब चूक म्हणाले होते. गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं. मग का सांगितलंस?"

माझे डोळे भरून आले होते. नाक वाहत होतं. मला त्यांना सांगायचं होतं की जाऊ नका, पण ते काही तोंडातून निघेना. जे खरं होतं तेवढंच निघालं.

"गुरुजी, सात तिथं न्हवता."

कंडक्टरनं घंटी दिली. गुरुजींचा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला. त्यानं दुसऱ्यांदा दिली.

"बरोबर," ते म्हणाले, वर्गात म्हणत तसं, आणि गाडीत चढले.